वाचकांचे प्रश्न : बाथरूममधलं पाणी जातं कुठे?

बाथरूममधल्या पाण्याबद्दल विचारा, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. आलेल्या बऱ्याच पत्रांचा सूर ‘आता आणखी काय काटकसर करू?’ असा आहे. आंघोळीचं पाणी कमी करून करून माणूस किती करणार? म्हणून जिथे पाणी कुणी वापरतही नाही आणि तरी संपतं, असे प्रश्न आधी घेतले आहेत. उत्तरं वाचताना दोन गोष्टी हाताशी हव्यात: घड्याळ आणि लिटरच्या खुणा असलेली बादली. खुणा नसतील तर लिटरच्या बाटलीनं दहा वेळा पाणी ओता आणि पाचव्या व दहाव्या बाटलीला आतून नेलपॉलिशची रेघ मारा. एवढ्या मापावर बाकी सगळं भागतं.

आमच्या सोसायटीत प्रत्येक फ्लॅटला मीटर बसले. आम्ही चौघं, सगळे बादलीनं आंघोळ करणारे, तरी मीटर रोज सरासरी ८०० लिटर दाखवतो. शेजारीही चौघंच, त्यांचं साडेपाचशेच्या आत. मीटरच खोटा असेल का? (कोथरूड, पुणे)

असू शकतो, पण त्याच्यावर आळ घेण्याआधी एक रात्र थांबा. शहराच्या पाण्याचं नियोजन करताना माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात, त्यातले ४५ संडासाच्या फ्लशचे. चौघांचे ५४० होतात. म्हणजे शेजाऱ्यांचा आकडा सरळ आहे आणि तुमचे अडीचशे लिटर कुठेतरी मुरतायत.

रात्री झोपताना मीटरचा फोटो काढा, लाल आकड्यांसकट. वॉशिंग मशीन आणि आरओचा नळ बंद ठेवा. संडासात एक भरलेली बादली ठेवा. रात्री कुणी उठलं तर फ्लशला हात न लावता त्यातलंच पाणी टाकायचं. सकाळी पहिला नळ सोडायच्या आत दुसरा फोटो. सहा तासांत ६० लिटर गेले असतील तर तासाला १० झाले, म्हणजे दिवसाला २४०. तुमचे हरवलेले लिटर हेच. पुण्यातल्या बऱ्याच इमारतींत गच्चीवरून प्रत्येक बाथरूमला वेगळी लाइन उतरते आणि एका घराला दोन-तीन मीटर असतात. तसं असेल तर काम सोपं झालं. जो मीटर रात्री फिरतो त्याच बाथरूममध्ये शोधायचं.

आणि शोधायचं ते फ्लशच्या टाकीत. नळ गळला तर दिसतो, रात्री ऐकूही येतो. टाकी मुकाट गळते, कारण पाणी भांड्याच्या मागच्या उतारावरून पापुद्र्यासारखं खाली सरकतं आणि चिनी मातीच्या पांढऱ्या रंगात लपून जातं. फ्लश करून पाच-दहा मिनिटांनी भांड्याची मागची बाजू कोरड्या फडक्यानं पुसा आणि तिथे टिश्यू पेपरची पट्टी चिकटवा. पाच मिनिटांत पट्टी ओली झाली की गळती पक्की. दुसरी रीत निळीची: टाकीत निळीचे चार-पाच थेंब टाका, अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यातल्या पाण्याला निळी झाक आली तर पाणी न विचारता खाली उतरतंय.

आता कशामुळे, ते पाहा. टाकीच्या आत पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीनं रेघ मारा, खालचा अँगल कॉक (टाकीला पाणी देणाऱ्या नळीवरचा छोटा कॉक) बंद करा आणि अर्धा तास थांबा.

पातळी उतरली, तर दोष तळाच्या सीलचा, म्हणजे फ्लशच्या यंत्रणेखालच्या रबरी किंवा सिलिकॉनच्या चकतीचा. किती जातं तेही काढता येतं. टाकीचा आतला आडवा आकार ३५ सेंटिमीटर बाय १२ सेंटिमीटर असेल, तर पातळी १ सेंटिमीटर उतरणं म्हणजे ४२० मिलिलिटर. अर्ध्या तासात ५ सेंटिमीटर उतरली तर २.१ लिटर, दिवसाचे १०० लिटर. दोन संडासांत असंच असेल तर तुमचा हिशेब जवळपास लागलाच.

पातळी हलली नाही, पण कॉक उघडल्यावर थोड्या वेळानं भांड्यात पाणी झिरपू लागलं, तर दोष वरचा. बॉल कॉक (टाकी भरली की तरंगत्या फ्लोटनं पाणी थांबवणारा नळ) वेळेवर बंद होत नाही, पातळी ओव्हरफ्लोच्या नळीच्या तोंडापर्यंत चढते आणि जादा पाणी त्या नळीतून भांड्यात उतरत राहतं. पातळी नळीच्या तोंडाखाली दोन-अडीच सेंटिमीटर हवी. फ्लोटचा स्क्रू फिरवून किंवा क्लिप खाली सरकवून ती खाली आणा. तरी बंद होत नसेल तर बॉल कॉकच्या आतला छोटा वॉशर झिजलाय किंवा त्यात रेतीचा कण अडकलाय. पाणी प्रेशर पंपानं किंवा थेट नगरपालिकेच्या लाइनवरून येत असेल, तर दिवसा गुणी असणारा बॉल कॉक रात्री दाब वाढला की सोडून देतो. म्हणून पातळी एकदा पहाटेही पाहावी.

तळाचं सील दुरुस्त करायला प्लंबर लागतोच असं नाही. कॉक बंद करून फ्लश करा. झाकण ओढून काढू नका. बटणाची कडी डावीकडे फिरवून आधी बटण सोडवा, नाहीतर आतली दांडी मोडते. दोन बटणांच्या बहुतेक टाक्यांत मधली यंत्रणा पाव फेरा डावीकडे फिरवली की सुटून हातात येते. तिच्या बुडाशी चकती दिसेल. तिच्यावर बोट फिरवा. बोट काळं झालं तर रबर विरघळायला लागलंय, बदलाच. नुसती चिकट असेल तर साबणानं धुऊन बसवा. चकती बसते ती टाकीतली बैठकही बोटानं चाचपून पाहा. बोअरचं पाणी असेल तर तिथे क्षाराची खरखरीत कडा जमलेली असते, आणि अशा कड्यावर नवी चकतीही गळते. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं अर्धा तास तिथे ठेवून हिरव्या घासणीनं घासा. स्क्रू ड्रायव्हरनं खरवडलंत तर चरा पडेल आणि मग पूर्ण यंत्रणा बदलावी लागेल. नवी चकती आणायला जाताना जुनी खिशात हवी. कंपनी एकच असली तरी मापं वेगळी निघतात.

टाकीत टाकायच्या त्या निळ्या वड्या मिळतात ना, त्या टाळा. त्यातल्या क्लोरीनयुक्त वड्या रबर कडक करतात किंवा फुगवतात. सुगंध येतो आणि वर्षभरात टाकी गळू लागते.

मी बादलीनं आंघोळ करते. आमच्या ह्यांचं म्हणणं, शॉवरला कमी पाणी लागतं. खरं काय? (नागपूर)

शॉवरचं तोंड आणि गच्चीवरची टाकी यांत उंचीचं अंतर किती, हे कळल्याशिवाय निकाल देता येणार नाही. शॉवर नेहमीसारखा सोडा, खाली बादली धरा, ३० सेकंद मोजा. जेवढे लिटर भरतील त्याची दुप्पट म्हणजे मिनिटाचा प्रवाह. टाकी डोक्यावरच असलेल्या घरात मिनिटाला ५-६ लिटर येतात. चार-पाच मजले खाली किंवा प्रेशर पंपावर १० ते १२ सहज. ताटाएवढा गोल ‘रेन शॉवर’ असेल तर त्याहून जास्त.

तुमची बादली साधारण १८ ते २० लिटरची. मिनिटाला ६ लिटरच्या शॉवरखाली ह्यांनी तीन मिनिटांत आटोपलं तर १८ लिटर, बरोबरी झाली. १० लिटरच्या शॉवरखाली पाच मिनिटं म्हणजे ५० लिटर, अडीच बादल्या. शॉवरवाल्यांचं बहुतेक पाणी साबण लावताना जातं. शॉवरच्या नळीवर हाताशी एक खटक्याचा छोटा कॉक बसवला तर साबण लावताना पाणी थांबतं आणि गरम-गार जमवलेलं बिघडत नाही. नाहीतर दर वेळी पुन्हा जुळवताना दोन-तीन लिटर जातात, आणि मग माणूस बंद करायचाच कंटाळा करतो.

बादलीवाल्यांचीही एक उधळपट्टी आहे. गिझरचं कढत पाणी आधी बादलीभर घेतलं की गार पाण्याला जागा उरत नाही. मग बादली वाहते. आधी अर्धी बादली गार, वर गरम. मगही पाहा. दीड लिटरच्या मगानं आणि पाऊण लिटरच्या मगानं अंग सारखंच भिजतं. आजीचा तांब्या या बाबतीत शहाणा होता.

नागपूरच्या मे महिन्यातली एक वेगळी गोष्ट. दुपारी टाकीतलं पाणी इतकं तापतं की लोक ‘गार येईपर्यंत’ नळ सोडून ठेवतात. गार येणारच नाही, कारण टाकीच तापली आहे. पहाटे बादल्या भरून बाथरूमच्या सावलीत ठेवा, आणि टाकी काळी असेल तर तिला पांढरा रंग द्या किंवा वर हिरवी शेडनेट बांधा.

पाणी वाचेल म्हणून सगळ्या नळांना एरेटर (धारेत हवा मिसळून पाणी कमी सोडणाऱ्या जाळ्या) बसवले. आता बादली भरायला दहा मिनिटं लागतात आणि बेसिनला नुसती धार ठिपकते. फसवणूक झाली का? (ठाणे, सातवा मजला म्हणजे शेवटचा)

फसवणूक नाही, जागा चुकली. टाकीपासून नळ जितका खाली तितका दाब. १० मीटरला साधारण १ किलो (दर चौरस सेंटिमीटरवर). शेवटच्या मजल्यावर टाकीतल्या पाण्याची पातळी तुमच्या बेसिनपासून फार तर तीन-चार मीटर वर असते, म्हणजे अर्धा किलोही दाब नाही. मिनिटाला ३ लिटरवर बांधलेले एरेटर साधारण १ किलोच्या आसपास नीट चालतात. तिसऱ्या मजल्यावर तोच एरेटर फेसाळ, भरगच्च धार देईल, तुमच्याकडे रडेल. तुमच्या बेसिनला एरेटर काढून साधी जाळी ठेवा आणि धार जास्त वाटली तर खालचा अँगल कॉक अर्धा फेरा बंद करा. पैसे लागत नाहीत आणि हवं तेव्हा परत उघडता येतो.

आंघोळीच्या बादलीच्या नळाला मात्र कुठल्याच मजल्यावर एरेटर नको. बादली २० लिटरचीच राहणार. एरेटरनं फक्त वेळ जातो. एरेटरचा फायदा वाहत्या धारेखाली काम होतं तिथेच: हात धुणं, दात घासणं, दाढी. विकत घेताना नळाच्या तोंडाचे आटे पाहा. नळाला बाहेरून आटे असतील तर बहुधा २२ मिलिमीटरचा लागतो, आतून असतील तर २४ चा. आधी छान चालणारा एरेटर हळूहळू मंदावला तर तो क्षारानं बुजलाय. काढून तासभर लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये बुडवा, जुन्या टूथब्रशनं घासा आणि उलट्या बाजूनं धुवा.

तिसऱ्यांदा वॉशर बदलला तरी नळ ठिपकतोच. (सोलापूर)

वॉशर निर्दोष असेल. जुन्या फिरकीच्या नळात वॉशर ज्या पितळी कड्यावर दाबला जातो, ते कडं बोअरच्या रेतीनं चरतं. आत टॉर्च मारून पाहा, कड्यावर एक बारीक खाच दिसेल. ती खाच नव्या वॉशरलाही पंधरा दिवसांत कापते. प्लंबरकडे सीट घासायचं हत्यार असतं, त्यानं कडं सपाट करून मिळतं. पण नळ फार जुना असेल तर अख्खा बदलणं परवडतं. ठिपका थांबावा म्हणून नळ जोर लावून पिळणं हे त्या खाचेला खतपाणी.

पाव फेऱ्याचा नळ असेल तर त्यात वॉशर नसतोच. आत चिनी मातीच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात. त्यांत रेतीचा कण शिरला की चरा पडतो. संपूर्ण स्पिंडल (चकत्यांसकट आतला दांडा) बदलावा लागतो. जुना सोबत न्या, कारण वरच्या दात्यांची संख्या आणि उघडायची दिशा, दोन्ही जुळायला हवीत.

नुकसान किती ते मोजायचं असेल तर नळाखाली वाटी धरून दहा मिनिटं थांबा. वाटीत जेवढे मिलिलिटर, त्याला १४४ नं गुणा. १०० मिलिलिटर म्हणजे दिवसाला १४ लिटरहून थोडं जास्त.

गच्चीवर सोलर, बाथरूम तळमजल्यावर. गरम पाणी यायच्या आत जवळजवळ अर्धी बादली गार पाणी जातं. नळीला फोम गुंडाळला तर थांबेल का? (सांगली)

सकाळच्या पहिल्या आंघोळीला थांबणार नाही. रात्रभरात फोमच्या आतलं पाणीही गार होतंच. फोमचा उपयोग पहिल्या आणि दुसऱ्या आंघोळीच्या मध्ये तासभर गेला तर होतो.

आधी आकडा पाहू. पाऊण इंची सीपीव्हीसी (गरम पाण्याच्या प्लास्टिकच्या) नळीत मीटरला साधारण पाव लिटर पाणी मावतं, एक इंचीत चारशे मिलिलिटरच्या वर. तुमची लाइन १८ मीटर असेल तर पाऊण इंचीत साडेचार लिटर, एक इंचीत साडेसात. शिवाय थंड नळीच येणाऱ्या पाण्यातली उष्णता आधी शोषते, म्हणून प्रत्यक्षात त्याच्या दीडपटीपर्यंत जातं. तुमची अर्धी बादली इथून आली.

आता गंमत अशी की बादलीनं आंघोळ करणाऱ्याला हे पाणी वाया घालवायची गरजच नाही. सोलरचं पाणी ६० अंशाचं आणि नळाचं २० चं धरा. ४० अंशाची २० लिटरची बादली करायला दोन्ही १०-१० लिटर लागतात. म्हणजे गार पाणी तुम्ही तसंही घेणारच. गारचा नळ उघडूच नका. गरमचा नळ बादलीत सोडा. आधी साताठ लिटर गार येईल, मग कोमट, मग कढत. हात घालून पाहा आणि कमी-जास्त वाटलं तरच गारचा नळ थोडा सोडा. शॉवर घेणाऱ्यांनी तेच गार पाणी बादलीत धरून फरशीला किंवा संडासाला वापरावं. आणि घरातल्यांच्या आंघोळी पाठोपाठ उरका. आठ, सव्वानऊ आणि अकराला तीन आंघोळी झाल्या, तर नळी तीनदा रिकामी करावी लागते.

नवं प्लंबिंग करत असाल तर मुख्य लाइनवरून बाथरूमपर्यंतचा फाटा अर्धा इंची ठेवा. त्यात मीटरला सव्वाशे मिलिलिटरच्या आसपास मावतं. टाकी तळमजल्यापासून भरपूर उंच आहे, त्यामुळे तुमच्याकडे दाब पुरेल. गच्चीखालच्या मजल्यावर हा सल्ला पाळू नका, धार बारीक होईल. मोठ्या इमारतींत गरम लाइनला परतीची नळी जोडून छोट्या पंपानं सकाळी पाणी फिरवतात, पण एका घरासाठी तो खटाटोप जड जातो.

एक तपासणी मात्र करा. गरम पाणी उशिरा येण्यापेक्षा ‘कोमटच येत राहतं, कढत येतच नाही’ असं होत असेल, तर मिक्सरमधून (गरम-गार एकत्र करणाऱ्या नळातून) गार पाणी गरमच्या लाइनीत घुसतंय. मिक्सरचे दोन्ही नळ उघडे ठेवून हँड शॉवर खटक्यानं बंद करण्याची सवय असेल (नागपूरच्या उत्तरातला खटक्याचा कॉकही त्यातच आला) तर हे होऊ शकतं. गार बाजूचा दाब जास्त असला की पाणी उलटं चढतं. मिक्सरच्या आधी गरमच्या लाइनीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप) बसवा.

फ्लशच्या टाकीत पाण्यानं भरलेली बाटली ठेवावी का? (डोंबिवली)

टाकी जुनी, १० लिटरची आणि एकच बटण असलेली असेल तर ठेवा. लिटरच्या बाटलीत वाळू आणि पाणी भरून, फ्लोटच्या वाटेत येणार नाही अशी कोपऱ्यात उभी करा. वीट कधीच नको. तिचा चुरा सीलखाली जातो आणि मग वरच्या पहिल्या उत्तराची वेळ येते. ३ आणि ६ लिटरची दोन बटणं असतील तर बाटली नको. भांडं ६ लिटरच्या लोंढ्यासाठी घडवलेलं असतं. लोंढा ५ चा झाला की घाण ट्रॅपच्या (पाणी अडवून वास रोखणाऱ्या भांड्याखालच्या) वळणापलीकडे जात नाही आणि लोक दुसऱ्यांदा बटण दाबतात. १ वाचवायला ५ गेले. त्यापेक्षा छोटं बटण कुठलं हे घरातल्या पोरांना आणि पाहुण्यांना दाखवा. कित्येक घरांत दोन्ही बटणं एकदमच दाबली जातात.

२०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हापासून आमच्याकडे आंघोळीचं पाणी साठवून संडासात टाकायची सवय आहे. पण हल्ली बॅरलला वास येतो, आणि मुलानं तेच पाणी फ्लशच्या टाकीत भरलं तर टाकी बिघडली. (लातूर)

सवय सोडू नका, रीत बदला. साबण, अंगाचा मळ आणि केस असलेलं पाणी २४ तासांत कुजायला लागतं. उन्हाळ्यात त्याच्याही आधी. म्हणून बॅरल नको, दोन बादल्या पुरेत. आज सकाळचं पाणी आज रात्रीपर्यंत संपवायचं, उरलं तर ओतून द्यायचं. मोठ्या प्लास्टिकच्या टबात उभं राहून आंघोळ केली तर बरंचसं पाणी धरता येतं. मोरीच्या जाळीवर फडकं लावून तुंबवण्याचा प्रकार काही घरांत चालतो, तो घसरून पडायला आमंत्रण.

टाकीत हे पाणी कधीच भरू नका. साबणाचा साका आणि केस थेट सीलवर बसतात. पाणी सरळ भांड्यात ओता, आणि ओतण्यालाही पद्धत आहे. हळूहळू ओतलेलं १० लिटर पाणीही घाण हलवत नाही, भांड्याची पातळी नुसती वर येऊन खाली जाते. ५-६ लिटर पाणी बादलीत घ्या, कमरेएवढ्या उंचीवरून भांड्याच्या खोल भागावर एका दमात उपडं करा. पाणी वळणातून ‘घळ्ळ’ असा आवाज करून ओढलं गेलं पाहिजे. मग ट्रॅपमध्ये पाणी नीट राहिलंय ना ते बघा. ओढ जास्त बसून पातळी खाली गेली असेल तर तांब्याभर पाणी हळूच ओता, नाहीतर नळीतला वास घरात येईल.

धुण्याच्या मशीनचं शेवटच्या खळबळीचं पाणी आंघोळीच्या पाण्यापेक्षा स्वच्छ असतं. ते मिळत असेल तर आधी ते धरा. आणि पिण्या-वापरण्याचं पाणी आठ-आठ दिवस साठवताना पिंप झाकून तर ठेवाच, पण आठवड्याला एकदा रिकामं करून आतल्या कडा काथ्यानं घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात. नुसतं पाणी बदलून ती जात नाहीत.

गावाकडे दोन शोषखड्ड्यांचा संडास बांधला. मिस्त्रीनं शहरातल्यासारखं भांडं बसवलं, त्याला प्रत्येक वेळी अर्धी बादली लागते. आता तो फ्लशची टाकी लावू म्हणतो. (पाटण तालुका, सातारा)

टाकी लावू नका, शक्य असेल तर भांडंच बदला. शोषखड्ड्याच्या संडासासाठी वेगळं ग्रामीण भांडं मिळतं. त्याचा उतार २५ ते २८ अंशांचा, चांगला उभा असतो आणि त्याच्या ट्रॅपमध्ये पाण्याची अडवण २० मिलिमीटरचीच असते. दीड-दोन लिटर पाण्यात ते साफ होतं. शहरी भांडं पसरट, त्याच्या ट्रॅपमध्ये ५० मिलिमीटर अडवण. तेवढं पाणी ढकलायला मागून जोराचा लोंढा लागतो. मिस्त्रीला दोन्ही सारखीच दिसतात, कारण वरून दोन्ही पांढरीच.

इथे प्रश्न पाणी वाचवण्यापुरता नाही. खड्ड्यातलं पाणी भोवतालच्या मातीत जिरतं. घरात पाच माणसं आणि दिवसाला मिळून २० वेळा वापर धरला, तर दोन लिटरनं ४० लिटर होतात. १० लिटरच्या टाकीनं २००. पाटणकडच्या पावसाळ्यात माती आधीच तुडुंब असते. त्यात रोज २०० लिटर जिरणार कुठे? खड्डा भरून पाणी भांड्यात उलटं येतं आणि लोक म्हणतात, शोषखड्डा फसला. याच कारणानं न्हाणीचं पाणी त्या खड्ड्यात सोडू नका. ते परसातल्या केळीला किंवा अळवाला द्या.

भांडं बदलताना चेंबरही (नळी दोन खड्ड्यांकडे वळते ती पेटी) उघडून पाहा. एका वेळी एकाच खड्ड्याचं तोंड उघडं हवं, दुसरं विटेनं बंद. दोन्ही उघडी ठेवली तर दोन्ही एकदम भरतात. भरलेला खड्डा बंद करून किमान दीड-दोन वर्षं तसाच राहू द्यायचा, तोवर दुसरा चालतो. आतलं सगळं कोरडं, मातीसारखं झालं की काढून शेतात टाकता येतं.

संडासातल्या जेट स्प्रेची नळी आम्ही गावाला गेलो असताना फुटली. दुसऱ्यांदा. (नाशिक)

स्प्रेचा खटका सोडला की पाणी थांबतं, पण नळीवरचा दाब थांबत नाही. ती लवचिक नळी चोवीस तास भरलेल्या दाबाखाली राहण्यासाठी नसते. वरून स्टीलची वेणी दिसली तरी आतली नळी रबराची किंवा प्लास्टिकची असते आणि टोकाच्या नटाजवळ आधी तडकते. वापर झाला की भिंतीवरचा कॉक बंद करून खटका एकदा दाबायचा, म्हणजे नळीतला दाब उतरतो. कॉक रोज फिरवून सैल होतो अशी तक्रार येईल. म्हणून तिथे पाव फेऱ्याचा कॉक बसवा. गावाला जाताना मात्र बाथरूमचा मुख्य कॉक बंद करा. तो वर्षानुवर्षं हलवलेला नसेल तर ऐन वेळी जाम झालेला सापडतो, म्हणून महिन्याला एकदा पुढे-मागे फिरवून ठेवा. जाम झालाच असेल तर पान्ह्यानं जोर लावू नका, मान तुटली तर घरात कारंजं होईल. आधी गच्चीवरून लाइन बंद करा, मग हात घाला.